बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) ८ एनर्जी मीटर आरएस-४८५ ने (दोन वायरींवरून डेटा नेणारी लाइन) जोडलेत. १२० ओहमचा रेझिस्टर प्रत्येक मीटरला लावायचा का?

नाही, फक्त लाइनच्या दोन टोकांना, ए आणि बी या दोन सिग्नल वायरींच्या मध्ये. केबलचा स्वतःचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १२० ओहम असतो. टोकाला तेवढाच रेझिस्टर असला की सिग्नल आपटून परत फिरत नाही. आठही ठिकाणी लावलेत तर मिळून १५ ओहम होतात, आणि ड्रायव्हर (सिग्नल पाठवणारा भाग) साधारण ५४ ओहमपर्यंतच्या लोडसाठी बनवलेला असतो.  सप्लाय बंद करून ए-बी मोजा, टोकांचे दोन रेझिस्टर मिळून ६० ओहमच्या आसपास यायला हवं. वायर मात्र एका मीटरवरून दुसऱ्यावर न्या, फांद्या फोडू नका. ९६०० बॉड (डेटाचा वेग) आणि वीसेक मीटरच लाइन असेल तर रेझिस्टर नसला तरी बहुधा चालतं.