सॉलिडवर्क्सची मोठी असेंब्ली रांगतेय, नवा पीसी घेऊ का?

प्रश्न: नमस्कार सर, भोसरीत सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरवर एसपीएम (एका ठरावीक कामासाठी बनवलेली खास मशीन) डिझाइन करतो. पूर्ण मशीनची असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) साडेतीन हजार पार्टची झालीये, उघडायलाच दहा मिनिटं जातात आणि एखादा मेट (पार्ट एकमेकांना कसे जोडायचे ती अट) बदलला की परत हँग. मी म्हणतोय जास्त कोरचा (प्रोसेसरमधे एकाच वेळी काम करणारे भाग जास्त असलेला) पीसी घेऊ, साहेब म्हणतात रॅम टाकून बघू. काय करावं?

उत्तर: दोघंही जरा थांबा! आधी इव्हॅल्युएट टॅबमधलं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा, कुठला पार्ट किती वेळ खातो ते तिथंच दिसतं, मग असेंब्ली व्हिज्युअलायझेशनमधे ग्राफिक्स ट्रँगलचा (पार्ट स्क्रीनवर दाखवायला लागणाऱ्या छोट्या त्रिकोणांचा) कॉलम लावून सॉर्ट करा, जड पार्ट वर येतील. एसपीएममधे वर येतात ते बहुतेक वेळा आपले प्लेट-ब्रॅकेट नसतातच, येतात ते व्हेंडरच्या साइटवरून उतरवलेले सिलेंडर, सर्वो मोटर, केबल चेन, आतल्या स्प्रिंगा आणि बॉलसकट, वर लोगोपण उठावाचा (तो कोणाला बघायचाय देव जाणे). आपल्याला लागतं काय तर बाहेरचा आकार, माउंटिंग होल आणि स्ट्रोक (किती सरकतो ते). बाकी डीफीचर करून (बारीक तपशील काढायची कमांड) उडवा, फक्त मास प्रॉपर्टीत खरं वजन आणि सीजी (गुरुत्वमध्य) हाताने टाका नाहीतर लिफ्टिंगचं गणित बोंबलेल. बोल्टला हेलिक्स काढून आटे पाडले असतील तर तेही काढा, कॉस्मेटिक थ्रेड (आटे नुसते दिसण्यापुरते दाखवणारा) पुरतो.

मेटचं दुखणं वेगळं. सगळं टॉप लेव्हललाच मेट केलंय ना? मग एक हलवलं की सगळे परत सोडवत बसतं. मशीनच्या स्टेशनप्रमाणे सबअसेंब्ली (छोट्या असेंब्ली) करा, फ्लेक्सिबल (आतले पार्ट हलू देणारी) फक्त खरंच हलणारी ठेवा. फ्रेम, कन्व्हेयर वगैरे फायनल झालेलं असेल तर त्याचं स्पीडपॅक (असेंब्लीचं हलकं रूप) करून टाका. नुसतं कस्टमरला दाखवायचं असेल तर लार्ज डिझाइन रिव्ह्यूमधे (पटकन उघडून बघायचा मोड) उघडायचं.

आता पीसी. रिबिल्डमधे (बदल केल्यावर मॉडेल परत तयार होताना) एका फीचरवर पुढचं अवलंबून असतं, त्यामुळे जास्तीचे कोर बरेचसे रिकामे बसतात, तिथं क्लॉक स्पीड (एका कोरचा वेग) कामाला येतो. कोर लागतात रेंडरिंगला, सिम्युलेशनला. रॅमचं म्हणाल तर असेंब्ली उघडी ठेवून टास्क मॅनेजर बघा, भरत असेल तरच साहेबांचं ऐका. आणि फाइल सर्व्हरवरून डायरेक्ट उघडत असाल तर ते पहिलं बंद करा, पॅक अँड गो करून (असेंब्लीच्या सगळ्या फाइली एकत्र कॉपी करून) लोकल एसएसडीवर घ्या. जुन्या व्हर्जनमधल्या फाइली असतील तर नव्यात एकदा सेव्ह करून टाका, नाहीतर दर वेळी उघडताना कन्व्हर्ट होत बसतात.