फिरतीच्या नोकरीत शर्ट कसा सांभाळायचा

एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, फिरतीला नवीनच लागलायस, तर आधी कॉलरकडे बघ. एसटीच्या प्रवासात घाम आणि धूळ तिथेच बसते. लॉजवर पोचलास की कॉलर-कफला थोडा शाम्पू चोळ, दहा मिनिटांनी हलक्या हाताने धू. ब्रशने खसाखसा घासलंस तर कडा विरतात. पिळू नकोस. हँगरला लाव, वरची बटणं घाल आणि ओला असतानाच हाताने ताणून सरळ कर. सकाळी इस्त्रीचं काम निम्म्यावर येतं. सुती शर्ट दिसतो छान, पण दौऱ्यावर टेरीकॉटच (सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड) बरा. चहा सांडला तर लगेच गार पाणी. डाग असलेल्या कपड्यावर इस्त्री अजिबात फिरवू नकोस, तो पक्का बसतो. घरी आल्यावर बॅगेतले घामट कपडे त्याच रात्री बाहेर काढ.