आईच्या मोतीबिंदूसाठी एफडी मोडू का?

कराडहून एका वाचक ताईंनी लिहिलंय: आई ६७ वर्षांची, मधुमेह आहे, घरी शिवणकाम करते. चष्म्याच्या दुकानात मोतीबिंदूची शंका सांगितली. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या हॉस्पिटलात तपासणी आहे. फोनवर एका डोळ्याचे दर कळले: साधी लेन्स ३८,०००, मल्टिफोकल (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी) १,१०,०००. आरोग्य संजीवनी ही आरोग्य विम्याची पॉलिसी ३ लाखांची, घेऊन २० महिने झाले. ३ लाखांची तीन वर्षांची एफडी ५ महिन्यांनी पूर्ण होते. ती मोडून आईला चांगली लेन्स बसवावी का?

ताई, एफडीला आत्ता हात लावू नका. तपासणीच्या आधी लेन्स ठरवणं म्हणजे माप न घेता ब्लाउज बेतणं, हे तुमच्या आईच जास्त चांगलं सांगतील.

तपासणीत आधी नजर आणि डोळ्याचा दाब बघतात. मग थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा तपासतात. लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजतात. तुमच्या निर्णयासाठी सगळ्यात महत्त्वाचा तो पडदा. मधुमेहाने तिथे बिघाड झाला असेल तर मल्टिफोकल सहसा सुचवत नाहीत, मग १,१०,००० चा प्रश्नच मिटला. पडदा ठणठणीत असला तरी ही लेन्स उजेड वाटून घेते, त्यामुळे रंगछटांमधला फरक थोडा कमी जाणवतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. काळ्या कापडावर काळा दोरा ओवणाऱ्या बाईसाठी हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. साधी लेन्स आणि जवळचा चष्मा यात कमीपणा काही नाही.

आता पॉलिसी. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, तोवर त्याचा खर्च मिळत नाही, म्हणजे तुमचे ४ महिने उरले. त्यानंतर एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांतली कमी रक्कम, म्हणजे तुमच्यासाठी ४०,०००, आणि ५ टक्के वाटा आपला. ३८,००० च्या पॅकेजवर ३६,१०० पर्यंत मिळू शकतात, दोन डोळ्यांचे ७२,२००. मल्टिफोकल घेतली तर डोळ्यामागे निदान ७०,००० खिशातून.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, "४-५ महिने थांबलं तर चालेल का?" बहुतेकदा चालतं. पण मोतीबिंदू 'पिकू द्यायचा' हा जुना समज सोडा. पिकायची वाट एफडीची बघायची. दाब वाढलेला असेल, किंवा मोतीबिंदूमुळे डॉक्टरांना पडदाच दिसत नसेल, तर विम्यासाठी एक दिवसही थांबू नका. अशा वेळी एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज काढा. १ लाख ५ महिन्यांसाठी साधारण साडेआठ टक्क्यांनी घेतले तर व्याज साडेतीन हजारांच्या आसपास. एफडी मोडल्यावर बँकेने १ टक्का कापला तर ३ लाखांवर ३१ महिन्यांचे ७,७५० जातात. तुमच्या बँकेचे दर मात्र विचारून घ्या.

एक नाजूक गोष्ट. केसपेपरवर "किती दिवसांपासून कमी दिसतं" हे लिहितात आणि विमा कंपनी ते नीट वाचते. खरं तेच सांगा, पण अंदाजाने "झाली तीन-चार वर्षं" म्हणू नका. पॉलिसीच्या आधीच कुणी मोतीबिंदू सांगितला होता आणि फॉर्मवर तो लिहिला नव्हता, असं असेल तर मला आधी कळवा, हिशेब बदलेल. मधुमेह फॉर्मवर लिहिलाय ना, तेही बघा.

आत्ताच्या तपासणीची बिलं बहुधा मिळणार नाहीत, कारण ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवसच धरतात. लेन्सची मापं शस्त्रक्रियेजवळ घेता येतील का, ते विचारा.

आणि त्या दिवशी थेंबांनंतर आईला काही तास जवळचं धूसर दिसेल, उन्हाचा त्रास होईल. काळा चष्मा न्या, स्कूटरवर मागे बसवण्यापेक्षा रिक्षा करा. तेवढ्यात कुणी पॅकेजचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका. कागद घरी आणा, आईला दुसऱ्या दिवशी वाचून दाखवा. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर लिहा. पॉलिसी खंडित झाली तर २० महिन्यांचं सगळं पाण्यात जाईल.