जुनी फ्रेंच पिस्तुले: खुणा, गंज आणि किंमत

प्रश्न: वाड्याच्या माळ्यावर ठासणीचे पिस्तूल सापडले. पितळी मढवणी आहे, फ्रेंच अक्षरे कोरलेली आहेत. किंमत काय येईल? (सातारा)

किमतीचा प्रश्न नंतरचा. आधी ते भरलेले नाही ना, याची खात्री करा. चाप ओढून पाहू नका, घोडाही ताणू नका. नळीचे तोंड कोणाकडेही न ठेवता पेन्सिलीएवढ्या जाडीची लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी येईल तिथे काठीवर खूण करा. आता तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. टोक रंजकाच्या भोकापर्यंत (जिथून आतली दारू पेटवतात ते नळीच्या तळाजवळचे बारीक भोक) पोहोचले, तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे. ते कुंभारीण माशीचे घर असेल किंवा दारू-गोळी असेल. काळी दारू कोरडी राहिली तर दोनशे वर्षांनीही पेटते. म्हणून ड्रिल लावणे, नळी तापवणे, तळाचा स्क्रू फिरवणे यातले काहीही करू नका. पोलिसांना कळवा. आतला भार परवानाधारक बंदूक-कारागीरच काढेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. 'जुने आहे म्हणून परवाना नको' हा समज चुकीचा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट जुन्या वळणाच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्यारांना आहे. पण दुरुस्त करूनही ते चालणार नाही, अशी त्याची अवस्था असावी लागते. तुमचे चालू शकत असेल तर परवाना लागेल. घरात पूर्वजांचा जुना परवाना असेल तर शोधा आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यातही येते, त्यामुळे पॅरिसच्या लिलावात पाठवण्याचा विचार मनातून काढा.

प्रश्न: नळीच्या मागच्या शेपटीवर 'एम एएन 13' आणि नळीच्या बाजूला 1811 असे आहे. दोन वेगळी वर्षे म्हणजे बनावट का? (पुणे)

उलट, हे जुळते. 'एएन 13' म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या दिनदर्शिकेतले तेरावे वर्ष, सप्टेंबर 1804 ते सप्टेंबर 1805. हे नमुन्याचे नाव आहे, तर 1811 हे घडणीचे वर्ष. नेपोलियनच्या घोडदळाचे हे पिस्तूल सेंट-एतियेन, शार्लव्हिल, मोबझ अशा कारखान्यांत बनत राहिले. 1811 च्या पिस्तुलाच्या चापपट्टीवर (घोडा बसवलेली बाजूची धातूची पट्टी) कारखान्याच्या नावाआधी 'इंपीरियल' या अर्थाचा शब्द अपेक्षित आहे.

आता मोजमाप घ्या. नळीचे तोंड व्हर्नियरने मोजले तर साधारण 17.1 मिमी भरायला हवे. नळीची लांबी 20 सेंटिमीटरच्या आसपास, पूर्ण पिस्तूल सुमारे 35 सेंटिमीटर. रंजकाची वाटी पितळेची. मग भिंग घेऊन अक्षरे तिरप्या उजेडात पाहा. ठशाने मारलेल्या अक्षराची कड धारदार असते, तळ सपाट असतो. शोभेच्या नकलेत अक्षरे पट्टीबरोबरच ओतलेली असतात. त्यांच्या कडा साबणाच्या वडीवर झिजलेल्या नावासारख्या गोल दिसतात आणि तळात बारीक दाणे असतात. लाकडी दस्त्यावर तपासनिसांच्या गोल शिक्क्याची पुसट का होईना, पण खूण शोधा. हा शिक्का दिसला तर दस्ता नंतर घासलेला नाही, आणि संग्राहक त्याचे जास्त पैसे मोजतो.

एक सापळा मात्र आहे. यातली बरीच पिस्तुले पुढे चकमक काढून टोपीची, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर चालणारी, करून घेतली गेली. तो बदल त्या काळातलाच असल्याने त्याला स्वतःची किंमत आहे. पण अलीकडे कोणी भाव वाढवायला त्यांना परत चकमक बसवतात. चापपट्टीवर बुजवलेली भोके, घोडा आणि पट्टी यांच्या रंगातला फरक, कोरी करकरीत वाटी दिसली की सावध व्हा. असा नग मी घेऊ नका म्हणेन, मूळ टोपीचा त्याहून बरा.

प्रश्न: इंग्लंडमध्ये 1873 चे फ्रेंच रिव्हॉल्व्हर विकत मिळते आहे. निकेलसारखे चकचकीत आहे. घ्यावे का? (लेस्टर)

आधी परवान्याचे पाहा. 11 मिमीचे हे फ्रेंच काडतूस 2021 च्या नियमांत ब्रिटनच्या कालबाह्य काडतुसांच्या यादीतून वगळले गेले. पूर्वी शोभेची वस्तू म्हणून ठेवता येणारे हे रिव्हॉल्व्हर आता प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही. फ्रान्समध्ये मात्र 1900 पूर्वीचा नमुना म्हणून ते बहुधा मुक्तपणे मिळते, म्हणूनच तिथला भाव तुमच्या हिशेबात धरू नका.

चकाकीबद्दल: शिपायांसाठीचा 1873 चा नमुना उघड्या पोलादाचा होता. निकेल नंतर चढवलेले असणार, आणि त्याखाली मूळ पृष्ठभाग घासला गेलेला असतो. गुळगुळीत सिलिंडर 1873 चे, खाचा असलेले 1874 च्या अधिकारी नमुन्याचे. अधिकारी नमुना जवळपास 35,000 च बनला, शिपायांचा तीन लाखांहून जास्त, म्हणून भावात मोठी तफावत. नळीच्या उजव्या बाजूला 'एस' आणि वर्ष असते. नळी, चौकट आणि सिलिंडरवरचे क्रमांक जुळवा. मोठा भाग एक जरी दुसऱ्या नगाचा निघाला, तरी किंमत लक्षणीय उतरते.

प्रश्न: पिस्तुलावर तांबूस गंज आहे. व्हिनेगरने काढू का? (रत्नागिरी)

नको. व्हिनेगर, काचपेपर, तारेचा ब्रश, बफ यातले एकही नको. काळपट तपकिरी थर स्थिर असतो आणि तोच जुनेपणाचा पुरावा. बोट लावल्यावर नारिंगी पूड सुटते तो गंज जिवंत. तेवढ्या जागी पातळ तेलाचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी काडीच्या बोथट टोकाने ढिला झालेला गंज उचला. मग सुती कापडाने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. तेल लाकडाला लागू देऊ नका, दस्ता काळा पडतो आणि मऊ होतो.

कोकणात खरा शत्रू पावसाळा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरते. बंद पेटीत सिलिका जेल ठेवा, आतली आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर राखा आणि उघड्या हाताने धातूला स्पर्श टाळा. घामाने उमटलेले बोटांचे ठसे गंजून कायमचे बसतात.

प्रश्न: द्वंद्वयुद्धासाठी पेटीत जोडीने येणाऱ्या पिस्तुलांतले एकच पिस्तूल स्वस्तात मिळते आहे. (मुंबई)

ती किंमत जोडीच्या निम्मी असेल तर ते स्वस्त नाही. एकट्याची किंमत निम्म्याहून बरीच खाली असते. फ्रेंच पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कोरलेला असतो: दारूचा बुधला, गोळीचा साचा, गज, लाकडी हातोडी. त्या खळग्यात पिस्तूल बोटभरही ढिले बसत असेल, तर पेटी दुसऱ्याच जोडीची आहे.