चहाचा मग बेक करत नाहीत, भाजतात

प्रश्न असा आहे: 'अंधेरीच्या पॉटरी क्लासमध्ये कोणी "मग बेक केला" म्हणतं, कोणी "फायर केला". मराठीत काय म्हणावं? किल्नला (मातीची भांडी ज्यात तापवतात तिला) भट्टी म्हटलेलं चालेल का?'

भाजला. मडकी भाजतात, विटा भाजतात, तसा मगही भाजायचा. 'फायर' एक वेळ खपेल, 'बेक' मात्र नकोच. हा शब्द ऐकून लोक घरचा ओव्हन लावतात. तो जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो आणि त्यात माती नुसती वाळते. तसला मग बादलीत बुडवून बघा: आधी बुडबुडे, नंतर कडा सुटायला लागतात, थोड्या वेळानं तळाशी चिखल. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं. त्यापुढे गेलेली माती पुन्हा कालवता येत नाही. रोजच्या चहाचा स्टोनवेअर (दगडासारख्या घट्ट मातीचा) मग तर दोनदा भाजावा लागतो, आधी हजारेक अंशांना आणि ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावून १२००च्या वर. मुंबईच्या पावसाळ्यात मग वरून कोरडा दिसतो, पण बुडाच्या जाडीत ओल राहते. घाईनं तापवला की आतली वाफ बूड उडवते. म्हणून आधी ८०-९० अंशांवर काही तास ठेवायचा.

आता भट्टी. शब्द चांगला आहे. मूळ 'भ्राष्ट्र', म्हणजे धान्य भाजायचं भांडं, 'भाजणे'चाच भाऊबंद. विजेच्या किल्नला खुशाल भट्टी म्हणा.

पण कुंभाराचा शब्द 'आवा'! भांडी आणि जळण एकत्र रचून, वरून राख-मातीनं झाकून पेटवतात तो आवा. 'आवा म्हणजे कुंभाराची भट्टी' एवढं लिहून मोकळे होणारे कोश या शब्दावर अन्याय करतात. मूळ संस्कृत 'आपाक'. दोन स्वरांमधल्या 'प'चा 'व' झाला, शेवटचा 'क' गळला: आपाक, आवाअ, आवा. अगदी दीपकचा दिवा झाला तसा. सपादचा सव्वा झाला तोही याच 'व'च्या वाटेनं. आणि 'आपाक'मधला पाक आला 'पच्' धातूवरून. त्याच 'पच्'वरून पक्व, आणि पक्ववरून आपलं पिकणं. म्हणजे झाडावर आंबा पिकतो आणि आव्यात मडकं पक्कं होतं, ही एकच क्रिया आहे! 'पक्का' हिंदीतून आला म्हणून तो खोडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी हे घराणं एकदा बघावं. शब्द शेजारून आला असेल, पण ज्या घरात आला तिथे त्याची सख्खी भावंडं आधीपासून नांदत होती.

गोरोबाकाकांची कथा आठवा. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून ते थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो, तीच ही परीक्षा. नीट भाजलेला खणखणतो; कच्चा राहिलेला किंवा तडा गेलेला बद्द वाजतो.