मंदीच्या बाजारात ओकव्हिलचं घर: किती मोजावेत?

नमस्कार,

तुमचा मेसेज मावसभावाने पुढे पाठवला. कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, हातात आलंय, सप्टेंबरमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत टोरंटोजवळच्या ओकव्हिलला बस्तान बसवायचंय, बाणेरचा फ्लॅट विकून डाउन पेमेंट उभं करायचंय. तिथल्या रिव्हर ओक्स वस्तीतलं एक चार बेडरूमचं डिटॅच्ड (स्वतंत्र, कुणाशी भिंत न जोडलेलं) घर १३ लाख ४९ हजारांना लिस्ट झालंय. रिअल्टर, म्हणजे घरांचा एजंट, म्हणतोय, २०२२ मध्ये असंच घर १७ लाखांना गेलं होतं, त्यामुळे ही संधी सोडू नका. तुम्ही स्वतः शोधलंत तर ओंटारिओतल्या घरांचं मूल्यांकन करणाऱ्या एमपॅक या संस्थेच्या कागदावर त्याच घराची किंमत ८ लाखांच्याही आत दिसली. मग खरी किंमत कोणती, आणि भाव अजून पडेल का? (पुढचे सगळे डॉलर कॅनेडियन आहेत.)

दोन्ही आकडे सोडून द्या. एमपॅकचा आधी निकाल लावू, कारण पुण्याहून येणारा प्रत्येक जण तिथेच अडतो. आपल्या डोक्यात रेडी रेकनर असतो: सरकारी दर, त्याखाली व्यवहार दाखवला तरी स्टॅम्प ड्यूटी त्याच दराने. एमपॅकचं मूल्यांकन तसं नाही. ते फक्त प्रॉपर्टी टॅक्सची गावातल्या घरांवर वाटणी करायला वापरतात, आणि त्यातली किंमत १ जानेवारी २०१६ ची आहे. २०२० मध्ये फेरमूल्यांकन व्हायचं होतं, ते कोविडमध्ये पुढे ढकललं आणि गाडी अजून तिथेच उभी आहे. तेव्हा त्या आकड्यावरून 'दीडपटीहून जास्त सांगतोय' असं ठरवू नका. त्याचा एकच उपयोग: वर्षाचा टॅक्स किती येईल ते कळतं.

आता १७ लाख. फेब्रुवारी २०२२ मध्ये टोरंटो आणि आसपासच्या भागातली सरासरी विक्री किंमत १३ लाख ३४ हजारांच्या वर गेली होती. बँक ऑफ कॅनडाचा दर त्या वेळी ०.२५ टक्के होता. मार्चपासून तो चढायला लागला आणि जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर पोचला. २०२५ च्या शरदात तीच सरासरी साडेदहा लाखांच्या आसपास होती, म्हणजे शिखरापासून साधारण पाचवा हिस्सा गेला. तोपर्यंत दर पुन्हा २.२५ टक्क्यांवर आला होता, तरी भाव उठले नाहीत. कारणं बरीच आहेत: अमेरिकेच्या टॅरिफमुळे नोकऱ्यांची धास्ती, विद्यार्थी व्हिसावर आणि पीआरच्या कोट्यावर आलेली कात्री, कॉन्डोंचा (इमारतीतल्या फ्लॅटचा) पडलेला ढीग. फेब्रुवारी २०२२ हा जवळजवळ फुकट कर्जाचा भाव होता. त्याच्याशी तुलना करून 'स्वस्त' म्हणणं हे विकणाऱ्याच्या सोयीचं गणित आहे. तुमच्या रिअल्टरला दुसऱ्या कुठल्या काळाशी तुलना करायला सांगा, बघा काय म्हणतो.

'ओकव्हिलला भाव पडत नाहीत' हेही इथे ऐकायला मिळेल. पडतात. मात्र आधी व्यवहार आटतात, भाव मागाहून येतात. ग्लेन ॲबीतल्या ज्या माणसाने १९९८ मध्ये घर घेतलंय, त्याला घाई नसते. मनासारखा भाव आला नाही तर तो लिस्टिंग काढून घेतो आणि पुढच्या वसंतात पुन्हा लावतो. म्हणून लिस्टिंगच्या पाट्या बघून बाजार कळत नाही. घाई असलेली माणसं माझ्या मते डंडास स्ट्रीटच्या उत्तरेला, नव्या वस्त्यांमध्ये जास्त सापडतात. २०२१-२२ मध्ये गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं तिथे बरीच आहेत. इथे कर्ज पंचवीस वर्षांचं असलं तरी व्याजदर बहुधा पाचच वर्षांसाठी बांधलेला असतो. दोन टक्क्यांच्या आतलं कर्ज चार टक्क्यांवर रिन्यू करायची वेळ आली की हप्ता उडी मारतो. अशा घरांचे भाव दक्षिणेकडच्या जुन्या ओकव्हिलला जसेच्या तसे लावू नका, आणि तिकडचे इकडेही नाही.

मग धरायचं काय? गेल्या तीन महिन्यांत त्याच वस्तीत, त्याच प्रकारची घरं प्रत्यक्षात किती किमतीला विकली गेली, तेवढंच. हे आकडे पूर्वी रिअल्टर लोकांच्या मुठीत होते. स्पर्धा आयोगाने टोरंटोच्या रिअल इस्टेट बोर्डाला कोर्टात खेचलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बोर्डाचं अपील ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे विक्रीच्या किमती सगळ्यांना दिसायला लागल्या. हाउससिग्मा या वेबसाइटवर फुकट खातं उघडा. विक्रीची किंमत तर दिसतेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती खालची लिस्टिंग हिस्टरी.

ती वाचायची कशी, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडच्या एका टाउनहाउसची हिस्टरी अशी होती: एप्रिलमध्ये ९ लाख ९९ हजार, 'ऑफर्स अमुक मंगळवारी'. मंगळवारी कुणी फिरकलं नाही. बुधवारी लिस्टिंग रद्द, गुरुवारी तेच घर ११ लाख ९९ हजारांना नव्याने. जूनमध्ये रद्द, परत ११ लाख ४९ हजार. ऑगस्टमध्ये रद्द, परत ११ लाख २५ हजार, आणि अखेर विकलं १० लाख ८५ हजारांना. कागदावर शेवटच्या लिस्टिंगचे दिवस दोन आठवडेसुद्धा नव्हते आणि 'मागितलेल्या किमतीच्या ९६ टक्के मिळाले' असं दिसत होतं. दर वेळी लिस्टिंग रद्द करून नवं लावलं की दिवसांचं मीटर शून्यावर येतं. ९ लाख ९९ हजार ही त्या घराची किंमत कधीच नव्हती, ते गर्दी जमवायचं आमिष होतं. त्यामुळे 'मागितलेल्या किमतीपेक्षा किती टक्के कमी' हा हिशेब बिनकामाचा. किंमत कुणीही काहीही मागतं.

तुमच्या घराची अशी हिस्टरी उघडा. १३ लाख ४९ हजार हा पहिलाच आकडा असेल तर मालकाला अजून बाजाराने काही शिकवलेलं नाही. तिसरा असेल तर बोलणी करायला जागा आहे.

मग आजूबाजूची चार-पाच विकलेली घरं समोर मांडा. दहा नकोत, दहामध्ये भेसळ होते. डिटॅच्डशी डिटॅच्डच, आणि दोन गाड्यांच्या गॅरेजशी तसंच गॅरेज. चौरस फुटाच्या दराचा मोह आवरा. पुण्यात आपण कार्पेट एरियाच्या दशांशापर्यंत भांडतो, इथे लिस्टिंगवर क्षेत्रफळ '२००० ते २५००' असं पट्ट्यात दिलेलं असतं आणि बेसमेंट त्यात धरत नाहीत. एवढ्या ढोबळ आकड्याने किमतीला भागून काय हाती लागणार? शिवाय लेकशोर रोडच्या खालच्या भागात तुम्ही जमिनीचे पैसे मोजता, घर बऱ्याचदा पाडायचंच असतं.

मंदीत सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो, तर दोषांनी. आणि लोक नेमकं हेच विसरतात. २०२२ च्या झुंडीत अप्पर मिडल रोडला पाठ टेकवलेलं घर आणि त्याच गल्लीतलं आतलं घर जवळपास एकाच भावाला जात होतं, कारण निवडायला वेळच नव्हता. आता घेणाऱ्यासमोर आठ घरं असतात. त्यामुळे मागे हमरस्ता, हायड्रोच्या (विजेच्या) तारा, क्यूईडब्ल्यू महामार्गाचा आवाज, उताराचा ड्राइव्हवे, बाहेर पडायला जागा नसलेलं अंधारं बेसमेंट, या प्रत्येकाची किंमत वेगळी कापली जाते. उलट सिक्स्टीन माइल क्रीकच्या बाजूला झाडीत पाठ असलेलं घर फारसं खाली येत नाही. तुम्ही ज्या विकलेल्या घराशी तुलना करताय ते स्वस्त गेलं असेल तर का गेलं, हे गूगल मॅपवर वरून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि दोष असलेलं घर घ्यायचंच असेल तर लक्षात ठेवा, विकताना तो दोष तुमच्या नावावर असेल.

रिव्हर ओक्स आणि ग्लेन ॲबीमधली बरीच घरं १९८०-९० च्या दशकांतली आहेत. छप्पर, फर्नेस, एसी, खिडक्या कधी बदलल्यात याची वर्षं मागून घ्या. पांढरा पेंट आणि नवं क्वार्ट्झ काउंटर पाहून भुलू नका, छप्पर आणि खिडक्या मिळून पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या दहा-बारा वर्षांतलं घर असेल तर प्लंबिंग काइटेकचं (गळतीसाठी बदनाम झालेल्या पाइपांचं) नाही ना, एवढं इन्स्पेक्टरला आवर्जून विचारा. वॉटर हीटर भाड्याचा आहे का, तेही बघा. करार तुमच्या गळ्यात येतो.

शाळेसाठी लोक पैसे मोजतात आणि ते खोटं नाही. इराक्वा रिज किंवा ॲबी पार्क हायस्कूलच्या हद्दीत घर असेल तर भाव चढा असतो. पण हद्द कुठे संपते ते रिअल्टरच्या तोंडून न घेता हॉल्टन शाळा मंडळाच्या साइटवर पत्ता टाकून बघा. हद्दी बदलतात.

आता भाड्याचा हिशेब, कारण 'अजून पडेल का' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. धरा, घर १३ लाखांना मिळालं. २० टक्के डाउन पेमेंट, उरलेल्या १० लाख ४० हजारांवर ४ टक्के, २५ वर्षं: हप्ता ५,४७० च्या आसपास. बँक मात्र तुमची ऐपत दोन टक्के चढवून तपासते, म्हणजे ६,६५० चा हप्ता झेपेल का ते बघते. असंच घर भाड्याने ४,३०० ला मिळतंय असं समजा. मालकाच्या वर्षाच्या ५१,६०० मधून टॅक्स, विमा आणि एक टक्का डागडुजी वजा केली तर ३० हजारांच्या आसपास उरतात. १३ लाखांवर अडीच टक्क्यांपेक्षाही कमी. कर्ज चार टक्क्यांचं आणि उत्पन्न अडीचचं, म्हणजे या किमतीत अजूनही पुढच्या भाववाढीची आशा मिसळलेली आहे. यावरून भाव पडतीलच असं सिद्ध होत नाही, ओकव्हिलला हे गणित फार वर्षांत जुळलेलं नाही. पण तुम्हाला घाई नाही, एवढं यातून नक्की कळतं. टोरंटोत १९८९ ला सरासरी किंमत २ लाख ७३ हजार होती, १९९६ ला १ लाख ९८ हजारांवर आली आणि जुना आकडा पुन्हा दिसायला २००२ उजाडलं. जे दहा वर्षं राहणार होते त्यांचं निभावलं. तीन वर्षांत नोकरी बदलून कॅलगरीला गेले ते अडकले.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष भाड्याने राहा. नोकरी शेजारच्या मिसिसागात लागते की टोरंटोच्या डाउनटाउनला, गो या लोकल ट्रेनने रोज जायचं की नाही, हे कळल्याशिवाय वस्ती ठरवू नका. बायको किंवा नवरा घरात बसून वैतागला तर बारा महिन्यांत ते कळतं, आणि लीज मोडणं घर विकण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तरीही हेच घर मनात भरलं असेल तर आसपास विकलेल्या घरांमधून जो आकडा निघेल, त्याच्या थोडं खाली ऑफर द्या आणि फायनान्सिंग व इन्स्पेक्शन या दोन अटी घाला. २०२२ मध्ये अटी घातल्या की ऑफर कचऱ्यात जायची, आता मालक ऐकतो. यातली फायनान्सिंगची अट मुख्य. बँक आपला ॲप्रेझर पाठवते आणि खरेदीची किंमत किंवा त्याचं मूल्यांकन, यातलं जे कमी त्यावरच कर्ज देते. तुम्ही १३ लाख कबूल केलेत आणि ॲप्रेझर १२ लाख २५ हजार म्हणाला, तर फरकातला मोठा वाटा तुम्हाला रोख घालावा लागेल. शिखराला घेतलेल्या कित्येकांची क्लोजिंगच्या (व्यवहार पुरा करून ताबा घ्यायच्या) दिवशी हीच कोंडी झाली. अट असेल तर तुम्ही डिपॉझिट घेऊन बाहेर पडू शकता.

खर्चाचं थोडक्यात: १३ लाखांवर ओंटारिओचा लँड ट्रान्सफर टॅक्स २२,४७५. टोरंटो शहरात तेवढाच आणखी पालिकेचा लागतो, ओकव्हिलला नाही. पहिल्या घराला मिळणारी ४,००० पर्यंतची सूट तुम्हाला मिळणार नाही, कारण जगात कुठेही कधी घर नावावर असलेल्याला ती नाही, आणि बाणेरचा फ्लॅट विकला तरी तो होता हे बदलत नाही. परदेशी खरेदीदारांवरची बंदी आणि २५ टक्क्यांचा जादा कर पीआरवाल्यांना लागू नाही, त्याची काळजी सोडा.

पैसे आणताना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे, दोघांची मिळून पुरेल. दहा लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस (पैसे पाठवताना बँकेने वसूल करायचा आगाऊ कर) आधी कापला जातो, तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तेवढे महिने पैसा अडकतो, हे डाउन पेमेंटच्या हिशेबात धरा. फ्लॅट निघण्याआधी विकायचा की एनआरआय झाल्यावर, यावर टीडीएस आणि पैसे पाठवायची वाट दोन्ही बदलतात. तेव्हा तिकीट काढायच्या आधी सीएकडे जा. इथली बँक डाउन पेमेंट कुठून आलं याचा गेल्या ९० दिवसांचा माग विचारते, म्हणून फ्लॅटचं विक्रीखत आणि बँकेची स्टेटमेंट्स हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोत नको.

लिस्टिंगची लिंक आणि तुम्ही निवडलेली चार विकलेली घरं पाठवा. मी शनिवारी त्या गल्लीतून गाडीने चक्कर मारून येतो आणि मागे काय आहे ते सांगतो.