कॅमेरा कपाटात, म्हैस रिक्षात

प्रश्न : परवा कोल्हापुरात गंगावेशीत एक म्हैस थेट रिक्षात डोकं घालून उभी, रिक्षावाला ओरडतोय, लोक हसतायत, आणि माझा मिररलेस कॅमेरा घरी कपाटात. रोज सोबत वागवू का मोबाईलवरच भागवू?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : भावा, वागवायचाच की! पण झाकण लावून सॅकच्या तळाला ठेवणार असशील तर कपाटातच बरा, कारण तू चेन उघडेस्तोवर म्हैस पंचगंगेवर पोचलेली असते. पट्टा मनगटाला, झाकण खिशात.

सेटिंग घरातनंच करून निघ. शटर (फोटो किती वेळात टिपायचा) १/५०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ऑटो. तुझी साधी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली, असेल तर झूम २८ मिमीवर ठेव, ३ मीटरवरच्या कशावर तरी फोकस घे आणि फोकस मॅन्युअलला टाक, म्हणजे तो तिथंच राहतो, मग साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं बऱ्यापैकी शार्प येतं, फोकस शोधत बसायला नको. फक्त कॅमेरा बंद केला की काही लेन्स हा फोकस विसरतात, तेवढं तपास. संध्याकाळी रंकाळ्यावर कमी उजेडात मात्र हे चालत नाही, तिथं अ‍ॅपर्चर उघडायचं आणि ऑटोफोकस लावायचा.

मोबाईलही वाईट नाही हां, बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, एवढं हाताला वळण लागलं तरी निम्मं काम झालं. ज्या चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा मूव्ही कॅमेरा बनवला त्यांच्या गावात आपण खिशातला काढायला आळस करतोय!

आणि रिक्षावाल्याला फोटो दाखव, नको म्हणाला तर उडवून टाक. जुलैच्या पावसासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी कायम जवळ असू दे.